गंजलेला बोल्ट आणि विज्ञानाचा पाठ



नाशिक-घोटी रस्त्यावर चार पावसाळे धावलेल्या माझ्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर घरीच बदलायला घेतले. खालचा बोल्ट जाम. पान्याला पाइप लावून जोर केला, तर बोल्टचं डोकंच तुटलं!

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन यांपासून गंज तयार होतो, हे आपण शिकवतो. पण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून आटे घट्ट धरले जातात, हे तेव्हा उमगलं.

दुसऱ्या बाजूला घाई केली नाही :

१. तारेच्या ब्रशने आटे साफ केले.
२. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं.
३. सहा बाजूंच्या गोटी पान्याने बोल्ट आधी किंचित आवळला, मग सैल केला. असं पुढे-मागे करत तो सुटला.

तापवल्यावर नट प्रसरण पावून सुटतो खरा. पण जवळ रबरी बुश, ब्रेकचा पाइप किंवा मारलेलं तेल असेल तर ज्योत नकोच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा, चाकांना उटी द्या. आणि काढलेला गंजका बोल्ट पुन्हा न वापरता तेवढ्याच मजबुतीचा नवा बसवा.

वर्गात एक खिळा तेल लावून, एक कोरडा, असे दोन्ही ओल्या कापडावर ठेवा. आठवड्याने मुलंच पाठ सांगतील.