हुमले, गोचीड आणि आजीचा चुना

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. वैद्यकावर लिहिण्याचा मला अधिकार नाही. पण पेडण्यातल्या आमच्या काजूच्या बागेत दर हंगामी अंग खाजवण्याचा अनुभव मात्र भरपूर आहे. झाडावर हुमले, पाल्यात गोचीड आणि दिवेलागणीला डास!

गेल्या वर्षी हुमल्यांनी मानेवर हल्ला केला, तेव्हा आजीने पानाच्या डब्यातला चुना फासला. दुसऱ्या दिवशी तिथली कातडी सोलून निघाली. हुमला चावतो आणि जखमेवर आम्ल सोडतो. ते साबण-पाण्याने धुऊन जाते, चुन्याची गरज नाही. मधमाशीचे विष तर कातडीच्या आत गेलेले असते. वरून लावलेला चुना काय किंवा लिंबू काय, तिथवर पोचत नाही. तिची नांगी मात्र आत रुतून राहते. ती नखाने काढा, चिमट्याने काढा, पण ताबडतोब काढा. गांधीलमाशी नांगी ठेवून जात नाही.

खाज येते ती बरीचशी आपल्याच शरीरामुळे. दंशाच्या जागी पेशी हिस्टामीन नावाचे द्रव्य सोडतात. खाजवावे तसे ते वाढते आणि नखांतला मळ जखमेत जातो. काजूचा चीक लागलेल्या हातांनी खाजवणे तर आगीत तेल, कारण तो चीक स्वतःच कातडी भाजतो. म्हणून आधी हात धुवावेत, मग दहा मिनिटे गार पाण्याची घडी ठेवावी, वर कॅलामाइन लावावे. आमच्याकडे पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावतात. गारव्याने त्यानेही बरे वाटते. पण ओठ-डोळे सुजले, धाप लागली, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून १०८ ला फोन करावा.

गोचिडीचे प्रकरण वेगळे. डिचोलीला आत्याच्या बागेत शिवमोग्याकडच्या एक बाई कामाला होत्या. त्यांच्या गुडघ्यामागे गोचीड दिसली, तसे कोणी रॉकेल आणायला धावले, कोणी काडेपेटी. बाई कन्नडमध्ये "बेडा, बेडा" म्हणत होत्या. माझे आजोळ धारवाडकडचे, त्यामुळे मला कळले. गोचीड कातडीलगत बारीक चिमट्याने धरून सरळ वर ओढायची, चिरडायची नाही, हे त्यांना ठाऊक होते. कारण 'मंगन कायिले' म्हणजे माकडताप त्यांच्याच जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात, १९५७ साली प्रथम ओळखला गेला. २०१५ साली तो आपल्या सत्तरीत आला, २०१६ साली शेजारच्या दोडामार्गात.

पाचव्या दिवशी बाईंना ताप भरला, डोके ठणकू लागले. पण मजुरी बुडेल म्हणून त्या बोलल्याच नाहीत. मला त्यांनी हळूच सांितले, तेही आत्याला न सांगण्याच्या अटीवर! माकडतापाची लक्षणे गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत दिसतात. मी अट मोडली. आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना गोचिडीची हकीकत दुभाषा होऊन सांगितली. ती सांगितली नसती, तर साधा ताप म्हणून गोळ्या मिळाल्या असत्या. रक्त तपासणीला गेले. माकडताप नव्हता.

तीन दिवसांची मजुरी आत्याने दिली. बाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बागेत जाताना त्यांनी गोचीड दूर ठेवणारे तेल आपल्या पायांना चोळले आणि बाटली माझ्यापुढे केली.