पगाराच्या स्लिपपुरतं इंग्रजी

चिकलठाणा

चि. सोनूस,


पुढच्या महिन्यात तू इथल्या एमआयडीसीत स्टोअरला रुजू होणार, हे ताईनं फोनवर सांगितलं आणि घरात सगळ्यांना आनंद झाला. पण इंग्रजीची तुला धास्ती वाटते, असंही ती म्हणाली, म्हणून हे पत्र. जालना रोडच्या या पट्ट्यात माझी सगळी नोकरी हिशेबाच्या टेबलावर गेली. फाडफाड इंग्रजी येत नाही म्हणून इथं कुणाचं अडल्याचं मी पाहिलं नाही. पैशाचं आणि आकड्यांचं इंग्रजी न आल्यानं मात्र पुष्कळांचं नुकसान झालेलं पाहिलंय. तू आधी तेवढंच पक्कं कर.

सुरुवात आकड्यांपासून. बासष्ट म्हणताना आपण दोन आधी म्हणतो, साठ मागून; इंग्रजीत सिक्स्टी आधी येतं. म्हणजे कुणी इंग्रजीत आकडा सांगत असेल तर ऐकशील तसा लिहीत जा, मनात मराठी करायला थांबू नकोस. सगळ्यात जास्त घोळ ‘एकोण’वाल्या आकड्यांत होतो. एकोणसाठ ऐकलं की घाईत हात ६९ लिहून जातो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बासष्टचं ‘साठ दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! ते पुस्तक करणाऱ्या मंगला नारळीकरांच्या समितीला मुलांची हीच अडचण सोडवायची होती, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. तू मात्र दोन्ही पद्धती तोंडपाठ ठेव. गावाकडचे हमाल, ड्रायव्हर पावणेदोनशे, अडीच हजार असंच बोलणार. चलनावर तुला १७५ आणि २,५०० चढवायचे आहेत.

स्टोअरमध्ये दुसरा धोका थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टीचा. मशीनच्या आवाजात, त्यातून फोनवर, दोन्ही सारखेच ऐकू येतात. लाजू नकोस, लगेच विचार: ‘वन थ्री, की थ्री झिरो?’ जुने स्टोअरकीपर असंच विचारतात आणि त्यांचा स्टॉक जुळतो. बाहेरदेशीच्या कागदावर स्वल्पविरामाकडेही बघ. आपला १०,००,००० तिथं १,०००,००० असा छापतात आणि त्याला मिलियन म्हणतात. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. एवढं ध्यानात ठेवलंस की पुरे.

आता पगार. नेमणुकीच्या पत्रात सीटीसी म्हणून मोठा आकडा असेल, तो हातात येत नाही. कंपनी तुझ्या नावानं जो पीएफ भरते तोही त्यात धरलेला असतो. स्लिपवर एका बाजूला अर्निंग्ज, म्हणजे मिळकत, आणि दुसऱ्या बाजूला डिडक्शन्स, म्हणजे कपात. समज, ग्रॉस २०,००० आहे आणि त्यात बेसिक व डीए मिळून १५,०००. बारा टक्क्यांनी पीएफ १,८०० जाईल. ग्रॉस २१,००० च्या आत असल्यानं ईएसआयसीचे पाऊण टक्क्यानं १५० जातील. नेट उरले १८,०५०. प्रोफेशनल टॅक्स तुला लागत नाही, महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० पर्यंत तो माफ आहे. स्लिपवर कापलेला दिसला तर अकाउंट्समध्ये जाऊन नम्रपणे विचार. पहिली स्लिप हाती आली की तिच्यावरचा एकेक शब्द वहीत उतरव आणि समोर स्वतःचा आकडा मांड. स्वतःच्या पैशावर शिकलेला शब्द विसरत नाही.

खरी काळजी मला कर्जाची वाटते. नोकरी लागली की स्कूटी घ्यावीशी वाटेल, घ्यावीच. या रस्त्यावर शिफ्टच्या वेळी रिक्षाची वाट बघणं तुला परवडणार नाही. पण शोरूममध्ये ‘फक्त दहा टक्के’ असं कुणी म्हणालं तर एकच विचार: फ्लॅट, की रिड्यूसिंग? फ्लॅट म्हणजे तू हप्ते फेडत गेलीस तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. एक लाखावर तीन वर्षांचं व्याज ३०,००० आणि हप्ता सुमारे ३,६११. रिड्यूसिंग म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज. त्याच दहा टक्क्यांनी हप्ता सुमारे ३,२२७ बसतो आणि एकूण व्याज सोळा हजारांच्या आसपास राहतं. दर तोंडी तोच, फरक जवळपास चौदा हजारांचा! तो फ्लॅट दर रिड्यूसिंगच्या हिशेबात अठरा टक्क्यांच्या घरात जातो. प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, टेन्युअर म्हणजे मुदत, फोरक्लोजर म्हणजे मुदतीआधी कर्ज फेडून खातं बंद करणं; हे तीन शब्दही कागदावर शोध.

चेकचं थोडक्यात सांगतो. आकड्यातली आणि अक्षरी रक्कम वेगळी पडली तर १८८१ च्या कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम खरी धरायची असते. प्रत्यक्षात बँक असा चेक बहुधा परतच करते. म्हणून स्पेलिंग गिरव. फोरमध्ये यू आहे, फोर्टीत नाही. रकमेच्या शेवटी ‘ओन्ली’ लिहून पुढच्या मोकळ्या जागेत रेघ ओढ.

आणि कर्जाचं आणखी एक. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. त्यात एपीआर, म्हणजे सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, लिहिलेला असतो, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत तो कागद देण्याचं बंधन आहे. हक्कानं मराठीत माग. मिळाला की आधी मला फोटो पाठव, सही दुसऱ्या दिवशी कर.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा