पहिली कात्री लावण्यापूर्वी

आमच्या दुकानात गिऱ्हाईक रंग बघते, भाव करते. कापडाला पाणी दाखवायचे मात्र विसरते. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आमच्याच घरी ईदचा पायजमा असा घोट्याच्या वर गेला. बोल शिंप्याला लावला, चूक आमची होती.

म्हणून घरी शिवण शिकणाऱ्यांनी कापड रात्रभर भिजवावे, वाळवून इस्त्री करावी, मगच बेतावे. सुरुवात साध्या सरळ पायजम्याने करावी. रेशमी कुर्ता नंतर. अंगाला बसणारा जुना पायजमा उसवून त्याचे भाग नव्या कापडावर ठेवावेत, लांबी किनारीच्या दिशेने धरावी. उसवलेल्या भागांत शिवणीची माया आलेलीच असते, वेगळी सोडू नये. मध्यम कापडाला १४ नंबरची सुई चालते. आधी चिंधीवर टाके बघावेत. खालून दोरा गुंतला, तर वरचा दोरा पुन्हा ओवून पाहावा. मशीनवाल्याला नंतर बोलवावे.