कूतच्या वेढ्यात धर्म बुडाला का?

प्रश्न : मी बंगळूरला जयचामराजेंद्रनगरात राहतो. इथल्या मैसूर लान्सर्सच्या स्मारकस्तंभावरून जाताना मला पणजोबा आठवतात. ते विशीही न गाठता साताऱ्याकडून मराठा पलटणीत भरती झाले आणि ‘बसऱ्याच्या लढाई’ला गेले. परत आल्यावर बरेच दिवस ते पंगतीत बसत नसत, असं आजी सांगायची. तिकडे घोडा खाल्ला म्हणून, असं घरात कुजबुजलं जायचं. उपाशी मरायची वेळ आली तरी शिपाई खरंच घोड्याचं मांस नाकारत होते का?
— एक वाचक, बंगळूर

उत्तर : हो, नाकारत होते. एक-दोन दिवस नव्हे, दोन महिन्यांहून अधिक काळ.

तुमच्या घरातली कुजबुज मला कूतकडे घेऊन जाते. इराकमध्ये तैग्रिस नदीच्या वळणावर वसलेलं हे गाव. पहिल्या महायुद्धात बगदाद घ्यायला निघालेली इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन 1915च्या नोव्हेंबरात टेसिफोनला अडली आणि मागे हटत कूतला येऊन थांबली. 7 डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला, तो 29 एप्रिल 1916ला शरणागतीनेच सुटला. म्हणजे जवळजवळ पाच महिने. या डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 अशा तीन मराठा पलटणी होत्या. कोकणातली आणि घाटावरची शेतकऱ्यांची पोरं त्यांत होती.

जानेवारी सरता सरता खाण्यासाठी घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस घेतलं. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी तसंच मुसलमानांनीही, घेतलं नाही. मराठा गडी काही शाकाहारी नव्हते. बोकड, मासळी त्यांच्या घरी शिजतच होती. पण घोडा? ज्याला दसऱ्याला ओवाळायचं, ज्याच्यावर जेजुरीचा खंडोबा बसतो, तो ताटात कसा घ्यायचा? पलटणीत हे कुणी याच शब्दांत बोललं असेल असा माझा दावा नाही, पण त्या वयाच्या मुलाच्या मनात खंडोबाचा घोडा आला नसेल, हे मला पटत नाही.

देवाहून मोठी धास्ती गावाची होती. भावकी वाळीत टाकील, सोयरीक जुळणार नाही. या भीतीची नोंद त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही केली आहे. डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड याने बिनतारी यंत्रणेने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवली, ती आली, शिपायांना वाचून दाखवली गेली. तरी बहुतेकांनी मान डोलावली नाही. त्यांना मोठ्या शहरातल्या शास्त्र्याची मोकळीक नको होती. आपल्या वाडीतली माणसं काय म्हणतील, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते कळायची सोय नव्हती. लोकांना हा हट्ट वाटतो. मला मात्र यात एकटं पडलेलं पोर दिसतं, घरापासून हजारो मैलांवर, घरच्यांना विचारल्याशिवाय निर्णय घ्यायला तयार नसलेलं.

किंमत शरीराने मोजली. ताजं मांस आणि भाजीपाला नाही, म्हणून हिंदी शिपायांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. गोऱ्यांना घोड्याच्या ताज्या मांसामुळे स्कर्व्हीने फारसं गाठलं नाही, पण मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला, आणि तो आपल्या लोकांना झाला नाही, कारण त्यांच्या वाट्याला कोंड्यासकट आटा होता. जीवनसत्त्वांचं शास्त्र तेव्हा नुकतंच रांगत होतं. धान्य दळायला जात्याचे दगडसुद्धा विमानातून टाकले गेले. शेवटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, शिधा अगदीच आटल्यावर आणि वरून दडपण आल्यावर, हजारोंनी मांस खायला सुरुवात केली. तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं. पुढे सुमारे 13 हजार माणसं कैदेत गेली, आणि वाळवंटातल्या पायपिटीत व रेल्वेच्या कामावर हजारो मेली.

तुमच्याजवळचा स्तंभ दुसऱ्या आघाडीचा आहे. मैसूर लान्सर्स सुएझ, गाझा करत 23 सप्टेंबर 1918ला हैफात घुसले. त्यांच्यातल्या दख्खनी मुसलमान स्वारांपुढचा पेच आणखी अवघड होता. समोर तुर्की सुलतानाचं, म्हणजे खलिफाचं, सैन्य होतं आणि नोव्हेंबर 1914मध्ये तिकडून जिहादची हाकही आली होती. मक्का-मदिनेला धक्का लावणार नाही, असं इंग्रजांनी जाहीर केलं. हैदराबादच्या निजामानेही इंग्रजांशी इमान राखायला सांगितलं. मैसूरचे स्वार लढले. मात्र 1916च्या फेब्रुवारीत बसऱ्याला 15व्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी तुर्कांवर चालून जायला नकार दिला आणि शिक्षा भोगल्या. एकांना निष्ठावान आणि दुसऱ्यांना फितूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पणजोबा कूतमध्ये होते की मागून आलेल्या तुकड्यांत, हे घरच्या आठवणींवरून ठरणार नाही. बसऱ्याच्या स्मारकावर शोधून उपयोग नाही. ते मेलेल्यांचं आहे आणि तिथे साध्या हिंदी शिपायांची नावं नाहीत, फक्त आकडे आहेत. त्यापेक्षा मूळ गावी जा. शाळेत, चावडीत किंवा देवळाच्या भिंतीत, किती माणसं महायुद्धावर गेली आणि किती मेली एवढंच सांगणारी संगमरवरी पाटी आपल्याकडच्या अनेक गावांत आजही आहे. तीवरही नावं नसतात. म्हणून घरातली जुनी ट्रंकही उघडा. पदक सापडलं तर त्याची कड उजेडात धरून पाहा. शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण तिथे कोरलेली असते. पलटणीचा आकडा 103, 110 किंवा 117 निघाला, तर मला जरूर कळवा.