विडंबन कशास म्हणावें ? – मालेगांवच्या चित्रपटांवरून एक पाठ

नक्कल, उपहास आणि विडंबन हे तीन शब्द आपण पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों. परंतु ते तीन निरनिराळे पदार्थ आहेत, आणि त्यांतील भेद न ओळखल्यामुळें शाळेंत, घरीं व गांवांत बरेंच दुःख उत्पन्न होतें. नक्कल म्हणजे दुसऱ्याच्या बोलण्याचालण्याची जशीच्या तशी उतरवणी. ती पोपटासही साधते. उपहास म्हणजे दुसऱ्यास हीन ठरविण्यासाठीं केलेलें हसणें. त्यास बुद्धि लागत नाहीं. चार हसणारांची सोबत असली कीं पुरे. विडंबन मात्र कला आहे, आणि ती शिकावी लागते. या लेखांत आम्ही तिचीं अंगें सांगून, आपल्याच महाराष्ट्रांतील एका उदाहरणावरून तीं पडताळून पाहणार आहों.

विडंबनाचीं अंगें तीन. पहिलें असें कीं, ज्या कृतीचें विडंबन करावयाचें ती वाचकांस वा प्रेक्षकांस चांगली ठाऊक असली पाहिजे. मूळ ठाऊक नसेल तर हसावयाचें कशास ? दुसरें अंग साम्य. मूळ कृतीचा थाट, चाल व शब्दकळा इतक्या बेमालूम उचलावयाच्या कीं, पहिल्या ओळीसच ओळख पटावी. तिसरें अंग विसंगति. साम्य पुरतें जमलें म्हणजे त्यांत एकच वस्तु जागची हलवावयाची. भाषा राजदरबारची ठेवावी आणि विषय मात्र चुलीवर करपलेल्या भाताचा घ्यावा. साम्यामुळें अपेक्षा वाढते, विसंगतीमुळें ती एकदम कोसळते, आणि त्या कोसळण्याचा जो आवाज होतो त्याचें नांव हसूं.

मराठी वाङ्मयांत याचा उत्तम नमुना म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे यांनीं 'केशवकुमार' या नांवानें लिहिलेला 'झेंडूचीं फुलें' हा संग्रह. तो १९२५ सालीं निघाला. आपल्या काळच्या कवींच्या लकबी अत्र्यांनीं त्यांत अशा पकडल्या कीं, ज्यांची थट्टा झाली त्यांचेच चाहते तीं गीतें आवडीनें म्हणूं लागले. त्याच्याही बऱ्याच पूर्वीं, १६०५ व १६१५ या सालीं, स्पेन देशांत सर्व्हांटीस याची 'डॉन क्विक्झोट' ही कादंबरी दोन भागांत प्रसिद्ध झाली. शूर सरदारांच्या कथा वाचून डोकें फिरलेला तिचा नायक मरतुकड्या घोड्यावर बसून जगाचें रक्षण करावयास निघतो, पवनचक्क्यांस राक्षस समजून त्यांच्यावर चाल करतो आणि न्हाव्याचें पितळी पात्र शिरस्त्राण म्हणून डोक्यावर घालतो. ज्या कथांची थट्टा म्हणून हें पुस्तक लिहिलें गेलें, त्यांतील बहुतेक आज कोणी वाचीत नाहीं; विडंबन मात्र जगभर वाचलें जातें.

आतां आपल्या राज्यांतील उदाहरण. नाशिक जिल्ह्यांत मोसम नदीच्या कांठीं मालेगांव हें यंत्रमागांचें शहर आहे. तेथील पुष्कळ लोक दिवसरात्र मागावर राबतात. शुक्रवारीं माग थांबतात, आणि त्या दिवशीं कामगारांची करमणूक म्हणजे चित्रपट. या शहरीं शेख नासीर या नांवाचा एक तरुण छोटें व्हिडिओगृह चालवीत असे. इतरांचे चित्रपट दाखवितां दाखवितां आपणही एक करावा असें त्याच्या मनानें घेतलें, आणि २००० सालीं 'मालेगांव के शोले' तयार झाला.

मूळ 'शोले' सर्वांस ठाऊकच आहे. रमेश सिप्पी यांनीं दिग्दर्शित केलेला तो चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजीं प्रदर्शित झाला, कर्नाटकांतील रामनगरच्या खडकांत त्याचें चित्रण झालें, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहांत तो पांच वर्षें चालला. त्यास सुमारें ३ कोटि रुपये लागले असें सांगतात. नासीर यांचा चित्रपट सुमारें ५०,००० रुपयांत झाला. दोन्ही काळांतील रुपयाच्या किंमतींतला फरक बाजूस ठेवला, तरी नुसत्या आंकड्यांनीं पाहतां एक दुसऱ्याच्या सहाशें पट आहे. लग्नाचीं चित्रें घेण्याचा कॅमेरा, गांवांतलेच नट, आणि मागावरून सुट्टी मिळेल तेव्हां काम, असा सारा संसार होता.

आतां वर सांगितलेलीं तीन अंगें येथें लावून पाहूं. मूळ कृति मालेगांवच्या पोरासोरांस पाठ होती. म्हणून पहिलें अंग सिद्ध. पात्रें, पोशाख व प्रसंग मुळावरूनच उचलले. म्हणून दुसरेंही सिद्ध. तिसऱ्या अंगाची मौज वेगळी आहे. मूळ चित्रपटांत दरोडेखोर घोड्यांवरून येतात. मालेगांवांत ते सायकलींवरून येतात. मूळांत आगगाडी आहे. येथें तिच्या जागीं बस आहे. घोडे व आगगाडी भाड्यानें घेण्यास पैसा नव्हता ही अडचण खरी. परंतु नासीर यांनीं ती अडचण लपविली नाहीं; तिलाच विनोदाचें रूप दिलें. जो गरीब आपली गरिबी झांकूं पाहतो त्यास लोक हसतात. जो ती स्वतःच हसत हसत पुढें मांडतो त्याच्याबरोबर लोक हसतात. 'त्यास' आणि 'त्याच्याबरोबर' या दोन शब्दांतील अंतर विद्यार्थ्यांनीं नीट लक्षांत ठेवावें. या पाठाचें सार त्यांतच आहे.

पुढें याच मंडळीनें 'मालेगांव का सुपरमॅन' हा चित्रपट केला. अमेरिकेंतील सुपरमॅन बलदंड, अजिंक्य व उडणारा. मालेगांवचा सुपरमॅन म्हणजे शफीक शेख हा अंगानें काटकुळा मागकामगार. त्यास दांडीवर आडवा धरून हिरव्या कापडापुढें 'उडविलें'. कॅमेरा फिरविण्यासाठीं सायकल वापरली आणि उंचावरून चित्र घेण्यासाठीं बैलगाडी. एकदां तर कॅमेराच पाण्यांत पडला. ही सारी खटपट फैझा अहमद खान यांनीं 'सुपरमेन ऑफ मालेगांव' या माहितीपटांत टिपून ठेविली आहे. तो माहितीपट २००८ सालीं तयार झाला, देशोदेशीं दाखविला गेला, आणि २०१२ सालीं आपल्या देशांतील चित्रगृहांत आला. पुढें रीमा कागती यांनीं याच कथेवर 'सुपरबॉईज ऑफ मालेगांव' हा मोठा चित्रपट काढला. तो २०२५ च्या फेब्रुवारींत प्रदर्शित झाला. मोठ्या चित्रपटाची थट्टा करणारांवरच मोठा चित्रपट निघावा, हें विडंबनाच्या इतिहासांत क्वचित् घडलें असेल.

परंतु या कथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मालेगांवचा सुपरमॅन ज्या शत्रूंशीं लढतो ते परग्रहावरचे नाहींत. गांवची घाण व तंबाखूचें व्यसन हेच ते शत्रु. हा लढा पडद्यावर लढणाऱ्या शफीक यांस स्वतःस तोंडाचा कर्करोग जडला होता, आणि २०११ सालीं ते वारले. पडद्यावर त्यांस पाहून प्रेक्षक हसले, आणि हसतांना त्यांनीं तंबाखूविरुद्ध एक गोष्ट ऐकली. व्याख्यानास बोलाविलें असतें तर त्यांतले किती आले असते? विडंबन म्हणजे पोरखेळ असें मानणाऱ्या पालकांनीं या प्रसंगाचा विचार करावा. आपल्या भागांत तर सुपारी व खर्रा यांचें व्यसन किती कोवळ्या वयापासून लागतें हें त्यांस सांगावयास नको.

या विषयाची आणखी एक शाखा आहे. ती भुताखेतांची असल्यामुळें मुलांस विशेष प्रिय असते. अलीकडे 'झोंबी' हा शब्द मुलांच्या तोंडीं फार ऐकूं येतो. आपल्या भाषेंत झोंबी म्हणजे अंगास अंग भिडवून केलेली झटापट. या परक्या शब्दाशीं तिचें नातें नाहीं. हा शब्द हैती देशांतून आला. तेथें उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेंतून आणलेले गुलाम राबत. मेल्यानंतर तरी सुटका व्हावी, तर कोणी मांत्रिक प्रेतास उठवून पुन्हां राबावयास लावील, ही भीति त्या कल्पनेच्या मुळाशीं आहे. आपल्या वेताळाप्रमाणें ही वस्तु चतुर नाहीं. तिला स्वतःची इच्छाच नाहीं, म्हणून ती भयंकर.

१९६८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज रोमेरो यांनीं 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' हा कृष्णधवल चित्रपट अतिशय थोड्या पैशांत काढला. त्यांत रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला होता. पुढें त्यांचाच 'डॉन ऑफ द डेड' १९७८ सालीं आला, आणि त्या नांवावर कोटी करून २००४ सालीं इंग्लंडांत एडगर राइट यांनीं 'शॉन ऑफ द डेड' हा विनोदी चित्रपट केला. त्यांतला नायक सकाळीं दुकानांत जातो, आणि रस्त्यांत प्रेतें हिंडत आहेत हें त्यास कळतच नाहीं. कारण रोजचे लोकही तसेच मान खालीं घालून, निर्जीव डोळ्यांनीं चालत असतात. येथें थट्टा प्रेतांची नाहीं, आपली आहे. जपानांत २०१७ सालीं शिनिचिरो उएदा यांनीं सुमारें ३० लक्ष येन एवढ्या अल्प खर्चांत 'वन कट ऑफ द डेड' काढला. त्याचीं पहिलीं ३७ मिनिटें एकाच अखंड चित्रणाचीं आहेत व तीं चुकांनीं भरलेलीं दिसतात. उत्तरार्धांत त्या प्रत्येक चुकीमागें मंडळीची केवढी धडपड होती तें उलगडतें, आणि ज्या चुकांस प्रेक्षकांनीं नाकें मुरडलीं, त्यांच्यासाठींच ते टाळ्या वाजवूं लागतात.

मराठींतही २६ जानेवारी १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २६ जानेवारी २०२२ रोजीं आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' प्रदर्शित झाला. अमेय वाघ, ललित प्रभाकर व वैदेही परशुरामी यांनीं त्यांत कामें केलीं. डोंबिवली या गजबजलेल्या गांवाच्या नांवांत एक अक्षर बदलतांच अर्धें विडंबन तेथेंच होतें. एका बाजूस उंच इमारती व दुसऱ्या बाजूस पाण्यासाठीं तळमळणारी गरीब वस्ती, असा त्याचा देखावा आहे. भुतांच्या आडून माणसांचीच गोष्ट सांगावयाची ही युक्ति नवी नाहीं. परंतु ती आपल्या गांवाच्या नांवानें सांगितली म्हणजे अंगास लागते.

आमच्या भंडारा जिल्ह्यांतील वाचकांस हें सारें दूरदेशचें वाटण्याचें कारण नाहीं. धान निघालें, हातीं चार पैसे आले, कीं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या झाडीपट्टींत नाटकांचे मांडव उभे राहतात आणि होळीपर्यंत गांवोगांव रात्री जागतात. या रंगभूमीच्या सेवेबद्दल परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. तिच्या जोडीस आपली दंडार आहे, खडी गंमत आहे. खडी गंमतींत नट राजाचा आव आणतो, दोन शब्द दरबारी बोलतो, आणि तिसऱ्या शब्दास झाडी बोलींत घसरतो. सारें आवार हसतें. साम्य आणि विसंगति हे शब्द त्या नटानें ऐकले नसतील. परंतु विद्या त्याच्या अंगीं आहे. मालेगांवच्या सायकली आणि आमच्या मांडवांतला हा राजा एकाच कुळींतले होत.

आणि येथेंच आम्हांस मुलांशीं स्पष्ट बोलावयाचें आहे. खेड्यांतून नव्यानें आलेला एखादा विद्यार्थी उभा राहून उत्तर देतो. त्याच्या तोंडीं घरची झाडी बोली येते. मागच्या बांकावरून कोणी त्याच सुरांत तें वाक्य पुन्हां म्हणतो आणि वर्ग हसतो. अशीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत कीं, एकदां असें झाल्यावर त्यांनीं वर्षभर हात वर केला नाहीं. उत्तर येत असूनही तीं गप्प बसलीं. आतां तर हातांतल्या फोनवर तें हसें घडीभरांत गांवभर जातें. हें करणारास वाटतें कीं, आपण विनोद केला. तें विडंबन नव्हे. त्यांत कलेचें एकही अंग नाहीं. बोली तीच, मांडवांतही आणि वर्गांतही. परंतु मांडवांत ती राजाचा तोरा उतरविते, आणि वर्गांत एका मुलाचा धीर खचविते.

म्हणून कोणतीही थट्टा करण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं तीन प्रश्न आपल्याशीं विचारावे. ज्याची थट्टा करावयाची तें आपण मनापासून पाहिलें व जाणलें आहे काय ? नासीर यांस 'शोले' आवडत होता म्हणूनच तो त्यांस मोडतां आला. दुसरा प्रश्न : आपलें हसूं वर जात आहे कीं खालीं ? बलवान्, श्रीमंत व फुगलेले यांजवर हसण्यांत धैर्य आहे. दुबळ्यावर हसण्यांत नाहीं. तिसरा प्रश्न : ज्याच्यावरून हसावयाचें तो आपल्याबरोबर हसूं शकेल काय ? तिन्हींचें उत्तर होय असें आलें तर खुशाल विडंबन करावें. आम्हीही पुढच्या बांकावर बसून ऐकूं. एकाचेंही नाहीं असें आलें तर तोंड मिटावें.

अभ्यासासाठीं एक काम देऊन हा पाठ पुरा करितों. या हंगामांत आपल्या गांवीं दंडार वा खडी गंमत होईल ती पहावी. मंडळी कोणत्या क्षणीं हसली, मूळ कोणतें होतें, आणि कोणती वस्तु जागची हलविली होती, हें तीन रकान्यांत लिहून आणावें. घरच्या वडील मंडळीस सोबत बसवावें. त्यांच्या तरुणपणीं कशावर हसत असत तें चौथ्या रकान्यांत त्यांच्याच बोलींत, एक अक्षरही न सुधारतां लिहावें, आणि वर्गांत मोठ्यानें वाचून दाखवावें.