ऑफिसातला एसी आणि चहाचे कप

प्रश्न : ऑफिसात एसी कायम १८ वर, चहा कागदी कपात. सूचना लावूनही कुणी मनावर घेत नाही. काय करावं?

उत्तर : सूचनांपेक्षा सोय बदला. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. वरिष्ठांकडे जाताना वीजबिल सोबत न्या. एसी २४ वर ठेवण्याआधी मात्र फिल्टर धुऊन घ्या, उन्हाच्या खिडकीला पडदा लावा. नाहीतर लोकांना उकडेल आणि रिमोट पुन्हा १८ वर जाईल.

कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो साध्या रद्दीत चालत नाही. प्रत्येकाला नाव लिहिलेला मग द्या. पण ते धुण्याचं काम मावशींवर ढकलू नका, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याचा मग त्याने विसळावा, सुरुवात साहेबांनी करावी.