बोलायला शिकवणाऱ्या भाचीला आत्याचे कानमंत्र

पोरी, रुग्णालयाच्या स्किल लॅबमध्ये संवादाचे वर्ग आता तू घेणार म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. सलाईन लावायचा सराव आपण पुतळ्याच्या हातावर करून घेतो, पण ‘तुमचे वडील गेले’ हे सांगायला मात्र नव्या माणसाला थेट त्या मुलासमोर उभं करतो. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा विषय रीतसर आला. तुला तो सगळ्या वॉर्डापर्यंत न्यायचाय. तेव्हा शिकवायची घाई जरा बाजूला ठेव आणि एवढं ऐक.

1. येणारा प्रत्येक जण हुशार आहे आणि त्याला चांगलं काम करायचंय, असं धरूनच दार उघड — परीक्षेची भीती वाटली की माणूस शिकत नाही, चूक झाकतो.

2. एका सत्रात एकच गोष्ट शिकव — सगळं सांगितलं, काहीच नाही उरलं.

3. प्रसंग तुमच्याच वॉर्डातला घे: ऑपरेशन पुढे ढकललंय, आयसीयूबाहेर नातेवाईक चिडलेत, किंवा मुलगा दारातच अडवून म्हणतोय, ‘आईला कॅन्सरचं सांगू नका’ — परका प्रसंग लोक नुसता बघतात, आपल्या प्रसंगात घाम फुटतो.

4. अशा सरावाला समोर जिवंत माणूस बसव — 1963 मध्ये लॉस एंजेलिसला डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी माणसाला रुग्णाची भूमिका शिकवली, ती याचसाठी. पुतळ्याला नाडी देता येते, पण त्याचा चेहरा पडत नाही.

5. भूमिका करणाऱ्याला संवाद पाठ करायला लावू नकोस. तो कोण, कशाला घाबरलाय आणि कोणती गोष्ट विचारल्याशिवाय सांगायची नाही, एवढंच दे — नीट विचारलं तरच पोटातलं ओठावर येतं, हे शिकणाऱ्याला तिथेच कळतं. वऱ्हाडी, अहिराणी जी बोली येत असेल तीच त्याला बोलू दे.

6. पहिली दोन मिनिटं रुग्णाची, मध्ये कुणी बोलायचं नाही — 1984 च्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाला सरासरी 18 सेकंदांत थांबवलं होतं. आधी कान द्यावा, मग सल्ला द्यावा.

7. ‘समजलं का?’ हा प्रश्न वर्गात बंद कर. ‘घरी गेल्यावर सूनबाईंना इन्सुलिनचं कसं सांगाल?’ असं विचारायला शिकव — पांढऱ्या कोटासमोर आपली माणसं न समजताही मान डोलावतात.

8. वाईट बातमीचा क्रम हातात दे: बसायला निवांत जागा, त्यांना काय ठाऊक आहे, किती ऐकायचंय, मग बातमी, मग त्यांचं दुःख, शेवटी पुढचा बेत — 2000 साली कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी मांडलेली ही ‘स्पाइक्स’ पद्धत. बहुतेक जण थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात आणि पाचवीवर थांबत नाहीत.

9. बातमी सांगून झाली की गप्प राहायचा सराव वेगळा घे — डोळे भरलेल्या माणसाला तारखा आणि औषधं ऐकूच येत नाहीत.

10. रात्री डॉक्टरांना करायचा फोन ‘एसबार’नं बसव: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला काय हवंय — अमेरिकी आरमाराच्या पाणबुड्यांतून आलेली ही रीत. नवी सिस्टर शेवटचे दोन मुद्दे संकोचानं गिळते, म्हणून घोटून घ्यायचे ते तेच.

11. धावपळीच्या वेळी नाव घेऊन सांगायचं आणि ऐकणाऱ्यानं डोससकट परत म्हणायचं — ‘कुणीतरी आणा’ म्हटलेलं कुणीच आणत नाही.

12. वॉर्डातले मामा, मावशी, गेटवरचा सुरक्षारक्षक, बिलाच्या खिडकीवरची मुलगी, सगळ्यांना बोलव — नातेवाइकांचा पहिला शब्द त्यांच्याशीच होतो, आणि राग शमतो किंवा पेटतो तो तिथेच.

13. प्रसंग दहा मिनिटांचा असेल तर नंतरच्या बोलण्याला वीस मिनिटं ठेव. ‘चुकलंस’ म्हणू नकोस. ‘तू उभ्यानंच बोललीस असं मला दिसलं, तेव्हा मनात काय होतं?’ असं विचार — कारण कळलं की सवय बदलते, नुसता शेरा मारला की तोंड तेवढं उतरतं.

14. तोच प्रसंग त्याच माणसाकडून त्याच दिवशी पुन्हा करून घे — दुसऱ्या खेपेला जमलं, हे घेऊन तो घरी जायला हवा.

15. कुणाच्या घरी अलीकडे दुःख झालंय का, हे आधी एकटं गाठून विचार आणि त्याला सूट दे — आपला सराव दुसऱ्याची जखम उघडायला नाही.

16. रडणाऱ्या आईची भूमिका करणारीला सत्र संपल्यावर तिच्या खऱ्या नावानं हाक मार, चहा दे, तिचं स्वतःचं काही बोलू दे — अंगात आणलेलं दुःख आपणहून उतरत नाही.

17. महिन्याभरानं वॉर्डात एक चक्कर मार — लॅबमधलं खाटेपाशी पोचलं का, ते खाटेपाशीच कळतं. नसेल पोचलं तर रागावू नकोस, त्यांना पुन्हा बोलव.